कार्डावर ३८ टिक, पोटात १७ डोस

मी नाशिक शहरातल्या एका टीबी युनिटला एसटीएस आहे, म्हणजे सीनियर ट्रीटमेंट सुपरवायझर, नाव मोठं आणि काम म्हणजे गाडीवर फिरायचं, गोळ्या मोजायच्या आणि निक्षयवर, म्हणजे टीबी पेशंटच्या सरकारी पोर्टलवर, एंट्र्या मारायच्या. खालची केस माझ्या हातातली आहे. पेशंटचं नाव, वस्ती, नाका काहीच देत नाही. वस्तीत त्याला सगळे मामा म्हणायचे म्हणून इथंही मामाच म्हणतो.

केस लिहायचं कारण असं की रिपोर्टमध्ये ही केस 'सक्सेस' म्हणून गेली आणि ती तशी गेली तेही बरोबरच आहे, पण मध्ये दोन वेळा ती हातातून जवळजवळ गेलेली होती आणि दोन्ही वेळा कागद एकदम ओके होते.

पार्श्वभूमी

मामा वय ४२, मूळचा पेठ तालुक्यातला. पावसाळाभर गावी भात-नागली, आणि दसरा जवळ आला की बायको-पोरं घेऊन नाशिकला, सातपूरच्या मागं पत्र्याची एक खोली भाड्यानं. काम द्राक्षबागेतलं. ऑक्टोबरची गोडी छाटणी, मग विरळणी, डिपिंग, शेवटी जानेवारीपासून तोडणी. पहाटे साडेसहाला नाक्यावरून मुकादमाची जीप सुटते, आत चौदा-पंधरा माणसं कोंबलेली, आणि जीप चुकली की त्या दिवसाची हजेरी गेली. ही साडेसहाची वेळ लक्षात ठेवा.

दोन महिने खोकला होता, मेडिकलमधून लाल औषधाच्या बाटल्या आणून पीत होता. आशाताईच्या सर्व्हेत सापडला. बेडका ट्रूनॅट मशीनच्या तपासणीला गेला, टीबी निघाला, रिफाम्पिसिनला (टीबीचं मुख्य औषध) रेझिस्टन्स नाही, म्हणजे नेहमीचं औषध लागू पडणार, एचआयव्ही निगेटिव्ह, शुगर नॉर्मल. वजन ४१ किलो. म्हणजे ३५ ते ४९ च्या गटात, रोज तीन गोळ्या. पहिले दोन महिने चार औषधांची एकत्र गोळी, ५६ डोस, पुढचे चार महिने तीन औषधांची, ११२ डोस. २०१७ च्या आधी आठवड्यातून तीनदा गोळ्या असायच्या तेव्हा मूठभर गोळ्या एकदम गिळाव्या लागायच्या, आता रोजच्या झाल्या पण संख्येनं कमी, तेवढं बरं.

सुपरवायझर म्हणजे रोज समोर बसून गोळ्या गिळायला लावणारा आणि उपचाराच्या कार्डावर त्या दिवसाच्या खणात टिक करणारा माणूस, तो म्हणून त्याच वस्तीतली आशाताई. बाई कामाला चांगली, हे आधीच लिहून ठेवतो कारण पुढं वाचून कुणालाही तिच्यावर राग येईल.

अडचण

३८ व्या दिवशी मी घरी गेलो. कारण एवढंच की महिन्याचं वजन पुन्हा ४१ च आलं होतं. गोळ्या नीट लागल्या की दोन-तीन आठवड्यात भूक उघडते, माणूस भाकरी जास्त मागतो, बायको स्वतःहून सांगते "आता खातात हो". इथं खोकला तसाच, चेहरा तसाच. आणि कार्ड बघावं तर ३८ च्या ३८ खणात टिक.

मामा कामावर होता. वहिनीला म्हणलं गोळ्या दाखवा. तिनं फळीवरचा नागलीच्या पिठाचा डबा खाली काढला, पिठावर एक प्लास्टिकची पिशवी, पिशवीत स्ट्रिपा. जमिनीवर मांडून मोजल्या. एका स्ट्रिपमध्ये २८ गोळ्या. दोन महिन्यांच्या मिळून सहा स्ट्रिपा दिलेल्या, म्हणजे १६८. समोर चार स्ट्रिपा अखंड आणि पाचव्या स्ट्रिपमध्ये पाच गोळ्या, म्हणजे ११७ शिल्लक. गिळल्या ५१. तीनानं भागा, १७ दिवस.

वहिनी गप्प बसून माझ्याकडं बघत होती, मी दोनदा मोजल्या, उगाच.

आता हे झालं कसं. आशाताई वस्तीत यायची सकाळी दहाला, घरची कामं आटोपून. मामा साडेसहाला जीपमध्ये. पहिले चार दिवस तो कामावर गेला नाही तेव्हा तिनं खरंच समोर बसून गोळ्या दिल्या. मग खाडे परवडेनात. मग ठरलं की दर रविवारी आठवड्याच्या गोळ्या वहिनीकडं द्यायच्या आणि दिवाळीला गावी जायचं म्हणून दुसरा महिना सगळाच एकदम देऊन टाकला. टिक मात्र रोजची, कारण टिक नाही तर मी बोलणार. आणि कार्डाखाली दर पंधरा दिवसाला सही कुणाची, तर माझी.

मामाची बाजू त्याच्याच तोंडून रात्री ऐकली. उपाशीपोटी पहाटे गोळ्या घेतल्या की जीपमध्ये उलटी व्हायची, एकदा शेजारच्याच्या डब्यावर झाली आणि खूप बोलणी खाल्ली. दुसरं म्हणजे लघवी. बागेत बांधाच्या कडेला उभा होता, लघवी नारिंगी-लाल, बाजूचा म्हणाला "अरे रक्त चाललंय तुझं", आणि मामा घाबरला. रिफाम्पिसिननं लघवी तशीच होते, ते औषध शरीरातून जातंय एवढाच त्याचा अर्थ, पण हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. सांगितलं असेल तर पहिल्या दिवशी दहा गोष्टींच्या गर्दीत. तिसरं, संध्याकाळी देशी. त्याला कुणीतरी सांगितलेलं की दारू आणि या गोळ्या एकत्र चालत नाहीत, ते बरोबरच आहे, लिव्हरवर ताण येतो, पण त्यानं त्याचा अर्थ असा लावला की ज्या दिवशी प्यायची त्या दिवशी गोळी नाही घ्यायची.

दिवाळीत गावी ११ दिवस एकही गोळी नाही. गावात कळलं असतं ना.

काय काय करता आलं असतं

पहिला विचार ॲडमिट करायचा आला, रागाच्या भरात. पण मामा आजारी असून हिंडता-फिरता होता, आणि ॲडमिट केला की घरातला मुख्य पगार बंद. शिवाय घरी राहून गोळ्या घेणाऱ्यांचा निकाल सॅनेटोरियममध्ये ठेवलेल्यांच्या तोडीचा येतो हे मद्रासच्या अभ्यासानं १९५९ लाच दाखवलंय, गोळ्या मात्र पोटात गेल्या पाहिजेत. सोडून दिलं.

दुसरं, रोज दवाखान्यात येऊन समोर गिळ. दवाखाना नऊला उघडतो. पुढं बोलायची गरज नाही.

तिसरं, मिस्ड कॉलवालं पाकीट, ज्यात गोळी काढली की खाली लपलेला नंबर दिसतो आणि त्यावर फुकट कॉल मारायचा. घरात फोन एकच, तो मोठ्या पोराच्या हातात, वय १४. कॉल पोरगा मारेल आणि गोळ्या पिठाच्या डब्यातच राहतील, नुसती टिक कार्डावरून मोबाईलमध्ये जाईल.

चौथं, वहिनीच सुपरवायझर. घरच्या माणसाला करता येतं आता. पण तिला विचारलं तर ती खरं बोलली, "मी सांगितलं तर ओरडतात, पोरांसमोर". ज्या माणसाला नाही म्हणायची ताकद नाही त्याला सुपरवायझर करून काय उपयोग.

पाचवं, मुकादम. रोज भेटतो, वेळेवर भेटतो. मामानं हात जोडले. मुकादमाला टीबी कळला तर जीपमध्ये जागा नाही. हे मला पटलं.

एक सहावा पर्याय होता आणि तो मी बराच वेळ डोक्यात घोळवला, खोटं कशाला बोलू. काहीच बोलायचं नाही, राहिलेल्या गोळ्या पुढं ढकलायच्या, कार्ड तसंच ठेवायचं. कारण खरं लिहायचं तर आशाताईच्या टिक खोट्या ठरतात आणि माझ्या सह्या पण. शेवटी मेडिकल ऑफिसरांना जाऊन खरं सांगितलं, ते अर्धा मिनिट गप्प बसले आणि म्हणाले कार्ड दुरुस्त करा, आणि आशाताईला लेखी काही देऊ नका, तिची वेळ तुम्ही ठरवली होती का नीट? नव्हती ठरवली. पेशंट सकाळी कितीला घर सोडतो हा प्रश्न आमच्या एकाही फॉर्मवर नव्हता.

काय केलं

उत्तर नाक्यावरच होतं, मामाच्याच बोलण्यात आलं. "सकाळी मावशीकडं चहा घेतो नं मग जीपमध्ये बसतो." नाक्यावर चहाची टपरी, मावशी पाचलाच स्टोव्ह पेटवते. मामाला विचारलं, मावशीला सांगितलं तर चालेल का, तो म्हणाला तिला चालेल, ती कुणाला बोलत नाही. त्याची परवानगी घेतल्यावरच मी तिच्याकडं गेलो, दुपारी, गिऱ्हाईक नसताना.

मावशीचा पहिला प्रश्न: कपातून लागतं का? म्हणलं नाही, कपा-बशीतून नाही, खोकल्याच्या हवेतून लागतं, आणि गोळ्या नीट चालू राहिल्या की थोड्या दिवसात दुसऱ्याला लागायचा धोकाही खूप कमी होतो. दुसरा प्रश्न: मला लिहिता येत नाही, चालेल का? टपरीच्या फळीला कालनिर्णय टांगलेलं होतं, दुधाचा हिशोब त्याच्यावरच. म्हणलं गोळ्या तुमच्यासमोर गिळल्या की त्या तारखेवर फुली, नाही गिळल्या तर मोकळं सोडा, मी काही बोलणार नाही. हे शेवटचं वाक्य मी मुद्दाम दोनदा बोललो.

मेडिकल ऑफिसरांना विचारून गोळ्या खारी-चहासोबत चालू केल्या, उलटी थांबली. लघवीचा रंग वहिनीला, मोठ्या पोराला, मावशीला सगळ्यांना सांगून टाकला. दारूचं मी भांडण केलं नाही. कावीळ नाही, डोळे-लघवी-मळमळ यावर लक्ष ठेवायचं ठरलं, आणि मामाला एवढंच सांगितलं की रात्री प्यायलास तरी सकाळची गोळी चुकवायची नाही, कमी करशील तर चांगलंच. यावर माझ्याच ऑफिसात मतभेद झाले, एकजण म्हणाला तुम्ही पेशंटला दारूची परवानगी दिली. मला वाटतं 'आधी दारू सोड मग बघू' म्हणलं असतं तर त्यानं गोळ्याच सोडल्या असत्या. जीपमध्ये तोंडाला रुमाल, ते त्यानं थंडीच्या नावावर खपवलं.

मधला डोस अखंड एक महिना तुटलेला नव्हता म्हणून उपचार पहिल्यापासून सुरू करायची गरज पडली नाही, राहिलेले ३९ डोस पूर्ण करायचे ठरले. मावशीच्या कालनिर्णयावर ते ४३ दिवसांत झाले. चार खण मोकळे. एक तिची टपरी बंद होती, एक मामा आलाच नाही, दोन दिवस तो आला, चहा प्यायला आणि गोळ्या नको म्हणाला. मोकळे ठेवले तिनं. सरकारी कार्डावर मला जे कधी मिळालं नाही ते त्या दुधाच्या हिशोबात होतं. डिसेंबरच्या शेवटाला बेडका निगेटिव्ह, वजन ४४.

जानेवारीत परत घोळ

इथं चूक माझी एकट्याची.

जानेवारीत तोडणी सुरू झाली की टोळी दिंडोरीकडं मळ्यावरच मुक्कामाला जाते, मार्चपर्यंत. मला हे माहीत होतं, दरवर्षी बघतो. पुढच्या टप्प्याचे २४ डोस झालेले, ८८ बाकी. मी पंधरा दिवसांच्या गोळ्या हातात दिल्या, निक्षयवर तिकडच्या केंद्राला ट्रान्सफर टाकला, फोन केला, समोरून "हो पाठवा" आलं आणि मी माझ्या यादीतून मामाला मोकळा केला. तिकडच्या माणसाला पत्ता काय मिळाला? गावाचं नाव. मळा कुणाचा, टोळी कुठली, काही नाही. द्राक्षाच्या मळ्यात गावाच्या नावावर माणूस सापडत नसतो.

पंधरा दिवसांच्या गोळ्या त्यानं पूर्ण घेतल्या, विशेष म्हणजे. मग संपल्या. मग तो वाट बघत बसला, कारण मी सांगितलेलं की माणूस येईल.

कळलं कसं, तर मावशीकडून. मी चहाला थांबलो होतो, ती म्हणाली मामाचा मेव्हणा येऊन गेला, गोळ्या संपल्या म्हणत होता, तुम्हाला सांगायचं राहिलं, आठ दिवस झाले. हिशोब केला तर २३ वा दिवस. सलग एक महिना तुटला की आमच्याकडं 'लॉस्ट टू फॉलोअप' लागतो, म्हणजे पेशंट उपचारातून सुटला असा शेरा, तर हातात सात दिवस. एकानं सुचवलं की आता तो ट्रान्सफर झालाय, तिकडच्यांना करू दे, लागला तर त्यांच्या रजिस्टरला लागेल. खरं सांगायचं तर कागदावर ते बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी मेव्हण्याला गाडीवर मागं बसवून गेलो. तीन मळे फिरलो. चौथ्यात मामा क्रेट उचलताना दिसला, मला बघून हसला आणि म्हणाला "आले का". मला काय बोलावं सुचेना. खोकला नव्हता, बेडका घेतला, तपासणीत काही निघालं नाही, गोळ्या पुढं चालू.

मळ्यावर चहाची टपरी नाही. पण टोळीत एक म्हातारी असते, सगळ्यांची बारकी पोरं सांभाळते आणि पहाटे चूल पेटवते. ती नात्यानं मामाची चुलती निघाली. तिला आजाराचं आधीपासून माहीत होतं, म्हणे गावात सगळ्यांनाच माहीत आहे, तोच तेवढा लपवत होता. पहिल्या भाकरीसोबत गोळ्या, फुलीऐवजी रिकामी स्ट्रिप जपून ठेवायची. एप्रिलमध्ये टोळी परत नाशिकला, खरड छाटणीला, आणि मामा परत मावशीकडं.

निकाल

राहिलेले ७३ डोस मेच्या तिसऱ्या आठवड्यात संपले. वजन ४८. एकूण उपचार सहा महिन्यांच्या ऐवजी साडेसात महिने चालला.

'क्युअर्ड' लिहायला शेवटचा बेडका निगेटिव्ह लागतो. मामाला बेडकाच येईना, बरा झाला तर कुठून येणार. दोन डब्या दिल्या, दोन्हीत नुसती लाळ, लॅबनं परत पाठवल्या. तिसरी डबी देईपर्यंत पाऊस पडला आणि तो गावी गेला. म्हणून निकाल 'ट्रीटमेंट कम्प्लीटेड'. रिपोर्टमध्ये क्युअर्ड आणि कम्प्लीटेड दोन्ही मिळून सक्सेस धरतात, त्यामुळं वरच्या ऑफिसला काही फरक पडला नाही. आणि १७ दिवसांचे ३८ झाले होते तेव्हाही वर काही फरक पडला नव्हता.

पोषण योजनेचे तेव्हा महिन्याला ५०० होते (१ नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले), खातं आधारला लिंक नसल्यानं मामाला ते सगळे एकदम शेवटी मिळाले, म्हणजे जेव्हा अंडी खायला हवी होती तेव्हा नाही. मावशीला सुपरवायझर म्हणून १००० मंजूर झाले, ते केस बंद झाल्यावर चार महिन्यांनी आले. तिनं त्यातून नवीन स्टोव्ह घेतला.

परत करायचं झालं तर

पहिल्या दिवशी एकच प्रश्न आधी विचारायचा: घर किती वाजता सोडता आणि सोडल्यावर पहिल्यांदा कुठं थांबता. सुपरवायझर तिथं शोधायचा. आमची सवय उलटी, आधी यादीतला सुपरवायझर आणि मग पेशंटनं त्याच्या वेळेत बसायचं.

गोळ्या मोजायला ३८ व्या दिवसाची वाट बघायची नाही. आता मी दहाव्या दिवशी जातो आणि कार्ड नंतर बघतो, आधी स्ट्रिपा.

टोळीवाला पेशंट असेल तर ट्रान्सफरच्या आधी मुक्कामाचा मळा आणि टोळीतल्या एका माणसाचा नंबर. नंबर नसेल तर ट्रान्सफर टाकायचाच नाही, स्वतःकडंच ठेवायचा.

सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट मात्र धाकट्या पोराची. वय ४. पाच वर्षांखालच्या पोराला घरात टीबी असेल तर तपासून टीबी नाही ना बघून लगेच प्रतिबंधक गोळ्या सुरू करायच्या असतात. मामाच्या गोंधळात पोरगा मागं पडला, दीड महिना. मामा गोळ्या पिठाच्या डब्यात ठेवत होता तेव्हा त्याच खोलीत ते पोरगं त्याच्या कुशीत झोपत होतं. एक्सरे साफ होता, पुढं सहा महिन्यांच्या गोळ्या वहिनीनं त्याला एकही न चुकवता दिल्या. तिला नवऱ्याला नाही म्हणता येत नव्हतं, पोराला येत होतं.

शेवटचा बेडका पण मी वेळेत धरायला हवा होता, गोळ्या संपायच्या आठवडाभर आधीच डबी द्यायची, पहाटेचा पहिला, मावशीकडंच ठेवायला सांगायची. नंतर नोव्हेंबरमध्ये सहा महिन्यांच्या फॉलोअपला मामा नाक्यावरच भेटला, परत छाटणीला आलेला, अंगावर स्वेटर, वजन ४७. नाक ओढत म्हणाला, "साहेब, आता सर्दी झालीये, आता द्या डबी." दिला बेडका, निगेटिव्ह आला. पण रजिस्टरमधला निकाल मेमध्येच बंद झालेला, तिथं कम्प्लीटेडच आहे.